जाहिरात मराठीत, इशारा इंग्रजीत

व्यापाऱ्याने आपला माल विकावा, त्याची वाखाणणी करावी, आणि ती करताना थोडी अतिशयोक्तीही करावी, याला आमची हरकत नाही. जत्रेतला खाजेवाला आपल्यासारखे खाजे साऱ्या गोव्यात मिळणार नाही असे ओरडून सांगतो. त्याच्यावर कोणी फिर्याद केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. परंतु जो मनुष्य दुखणाऱ्या शरीराला उद्देशून बोलतो त्याची गोष्ट निराळी आहे. तो खाजेवाला राहत नाही. तो वैद्याच्या आसनावर चढून बसतो. त्या आसनावर बसून ज्या भाषेत त्याने रोग्याला आश्वासन दिले, त्याच भाषेत त्याने रोग्याला धोकाही सांगितला पाहिजे. आमचे या लेखातील म्हणणे एवढेच आहे. एवढी उघड गोष्ट मांडण्यास लेख कशाला हवा, असे ज्यांना वाटेल त्यांनी पुढील मजकूर अवश्य वाचावा.

इन्व्हर्जन टेबल या नावाची एक वस्तू आमच्याकडील काही घरांत येऊन पोहोचली आहे. लोखंडी चौकटीवर आसाभोवती फिरणारी एक लांब फळी, आणि तिच्या एका टोकाला घोटे अडकवण्याची सोय. घोटे अडकवून पाठ टेकवली आणि हात डोक्याकडे नेले की फळी झुलते, पाय वर जातात व डोके खाली येते. उभ्या देहाचा जो भार दिवसभर मणक्यांमधील गाद्यांवर पडतो तो अशाने उतरतो आणि कमरेला आराम पडतो, अशी त्यामागील कल्पना. विश्वामित्रांनी त्रिशंकूला आकाशात अधोमुख टांगून ठेवले, त्या अवस्थेत त्याच्या कमरेला कितपत आराम पडला याविषयी पुराणे मौन आहेत.

कल्पना नवी नव्हे. हिपोक्रेटिस या ग्रीक वैद्याच्या नावावर असलेल्या सांध्यांविषयीच्या ग्रंथात, पाठीला बाक आलेल्या रोग्याला शिडीशी बांधून, कधी पाय वर व डोके खाली करून, ती शिडी उंचावरून आदळण्याच्या उपचाराचे वर्णन आहे. ग्रंथकार लगेच असेही बजावतो की, या उपचाराने कोणी सरळ झालेला त्याने पाहिला नाही, आणि तो करणारे वैद्य बहुधा बघ्यांची गर्दी चकित करण्यासाठीच तो करतात. बघ्यांची गर्दी अडीच हजार वर्षांपूर्वीही होती तर! आपल्या काळात, १९७० नंतरच्या दशकात, कॅलिफोर्नियातील रॉबर्ट मार्टिन या डॉक्टरांनी उलटे लटकण्याची पद्धत पुरस्कारिली. पुढे १९८० सालच्या एका गाजलेल्या अमेरिकन चित्रपटात (त्याचे नाव या मासिकात छापण्याजोगे नाही) नायक घोट्यांना आकडे लावून उलटा लटकताना दिसला, आणि डॉक्टरांना जे साधले नसते ते सिनेमाने साधले.

आता ज्या घराविषयी आम्हांला सांगावयाचे आहे ते फोंडे तालुक्यातील आमच्या आत्याचे घर. आमचा आतेभाऊ बँकेत नोकरीला. वीस वर्षे खुर्चीवर बसून त्याची कमर धरली. डॉक्टरांनी त्याला चालावयास, काही व्यायाम करावयास आणि धीर धरावयास सांगितले होते. या तिन्ही गोष्टी फुकट असल्यामुळे त्याचा त्यांवर विश्वास बसला नाही. अशा स्थितीत एके रात्री त्याच्या हातातील फोनवर एक जाहिरात अवतरली. ती चांगल्या शुद्ध मराठीत होती. कमरदुखी कायमची जाईल, ऑपरेशन टळेल, रक्ताभिसरण सुधारेल, मुलांची उंची वाढेल, घरातील लहानथोर सर्वांना उपयोगी, असे गोड आवाजात सांगितले जात होते. चौदा हजार रुपये, तेही हप्त्यांनी. आतेभावाने टेबल मागविले.

न्यायबुद्धीने हेही नमूद केले पाहिजे की, त्याला बरे वाटले. रोज दहा मिनिटे तो लटकत असे, आणि उतरल्यावर तासभर कमर हलकी वाटते असे म्हणत असे. आम्ही त्याचे म्हणणे खोटे मानीत नाही. मग घरातील बाकीच्यांची पाळी आली. वहिनींनी, लुगडे नेसून आपण उलट्या होणार नाही, असे एका वाक्यात सांगून विषय मिटविला. आत्याला मात्र तसे जमले नाही. ती शहात्तर वर्षांची. तिची कमर आतेभावापेक्षा पंचवीस वर्षे अधिक जुनी. नातू इंजिनिअरिंगला आहे, आणि आजीवर त्याचा जीव. "आजी, कांयच जावचें ना," असे म्हणत त्याने तिचे घोटे अडकविले आणि फळी हळूच खाली सोडली. ती चार मिनिटे तशी होती. पहिले मिनिट हसली. नंतर, "म्हाका सकयल देंवय रे पुता," असे म्हणू लागली. घाबरलेल्या मुलाच्या हातून खिट्टी लवकर सुटेना. खाली आली तेव्हा तिचे डोळे तांबडेलाल झाले होते, आणि दिवेलागणीपर्यंत तिला समोरचे धूसर दिसत होते.

आत्याला काचबिंदू आहे. सहा वर्षे ती दोन वेळा डोळ्यांत थेंब घालते, रक्तदाबाची गोळी घेते. श्रावणात देवीसाठी जायांच्या माळा ती अजून स्वतः ओवते, आणि तेवढी नजर राहावी म्हणून पणजीच्या नेत्रवैद्यांकडे नेमाने जाते. ते वैद्य हा प्रकार ऐकून काय बोलले ते येथे लिहीत नाही. डोळ्यांतील दाब तिसऱ्या दिवशी मोजला तेव्हा पूर्ववत होता. दृष्टीच्या मज्जातंतूस कायमची हानी झाली किंवा नाही हे पुढच्या तपासणीत कळेल, आणि कळले तरी ती त्या चार मिनिटांचीच, असे न्यायासनापुढे सिद्ध करणे सोपे नाही. आम्ही वकील आहोत. जे सिद्ध होत नाही ते सिद्ध झाल्याचा आव आणणार नाही. पण धोका काय होता हे सांगण्यास कोणत्याही साक्षीदाराची गरज नाही. तो टेबलाबरोबर आलेल्या पुस्तिकेतच छापलेला होता.

ती पुस्तिका आम्ही अथपासून इतिपर्यंत वाचली. आमच्या धंद्यात ती खोड जडतेच. काचबिंदू, नेत्रपटल सुटलेले असणे, अति रक्तदाब, हृदयविकार, पूर्वी येऊन गेलेला पक्षाघात, ठिसूळ हाडे, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर हे यंत्र वापरू नये, वापरण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. अत्यंत बारीक अक्षरांत, आणि केवळ इंग्रजीत. आत्याने पोर्तुगीज अमदानीत गावच्या मराठी शाळेत चार इयत्ता शिकून पुढे साठ वर्षे वर्तमानपत्र व पोथी सोडलेली नाही. ती निरक्षर नव्हे. तिला वाचता येणाऱ्या लिपीत त्या पेटीत एक अक्षर नव्हते. विकताना ज्यांना मराठी येत होते, त्यांना सावध करताना ती येईनाशी झाली!

यंत्राचे गुण किती, याविषयी आता थोडे. ज्याला एखादी वस्तू सावधपणे विकावयाची नाही त्याचा बचाव नेहमी हाच असतो की, वस्तूचा लाभ एवढा मोठा आहे की धोक्याची चर्चा क्षुद्र ठरावी. तेव्हा लाभाचे मोजमाप करणे भाग आहे.

मणक्यांमधील गादी फाटून नसेवर दाब आल्याने पायापर्यंत कळ जाते, हे १९३४ साली मिक्स्टर व बार या अमेरिकन शल्यवैद्यांनी दाखवून दिले. पुढे स्वीडनमधील नाखेमसन यांनी जिवंत माणसाच्या कमरेतील गादीत सुई घालून तेथील दाब प्रत्यक्ष मोजला. उभ्या माणसाचा दाब १०० धरला तर उताणे निजलेल्याचा सुमारे २५ भरतो. याचा अर्थ वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. चटईवर उताणे पडल्याने भाराचे तीन हिस्से उतरतात, आणि चटईला हप्ते नसतात. राहिलेल्या हिश्शासाठी टेबल. तेही, साठ किलो वजनाच्या मनुष्याचा कमरेवरचा भाग अदमासे तीस किलोंचा धरला, आणि फळी तीस अंशांनी कलती केली, तर कमरेला ओढ पंधरा किलोंची बसते. पाठ फळीला घासते त्यात त्यातलीही काही खर्ची पडते. ओढ खरोखर मोठी करावयाची तर जवळजवळ पूर्ण उलटे व्हावे लागते, आणि डोळ्यांना व मेंदूच्या रक्तवाहिन्यांना नेमके तेच सोसत नाही.

प्रतिपक्षाजवळ एक बरा पुरावा आहे, तो दडविणे आम्हांला शोभणार नाही. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे एकाच गादीच्या विकाराने शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या रोग्यांवर एक चाचणी झाली व ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. टेबलावर लटकविलेल्यांपैकी शेकडा ७७ जणांची शस्त्रक्रिया टळली. नुसत्या व्यायामोपचारावर ठेवलेल्यांत शेकडा २२ जणांची. आकडे आकर्षक आहेत. पण रोगी सारे मिळून दोन डझनांच्या आसपास, सर्व निवडलेले, सर्व वैद्यांच्या देखरेखीखाली. आणि करणाऱ्यांनीच तिला प्राथमिक चाचणी म्हटले होते. उलट बाजूस, कमर ताणण्याच्या निरनिराळ्या प्रकारांवरील ३२ चाचण्या व २,७६२ रोगी एकत्र पाहून कॉक्रेन संस्थेने २०१३ साली असा निष्कर्ष काढला की, या ताणण्याने वेदनेत वा हालचालीत फरक पडतो तो नाममात्र, किंवा पडतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कमरदुखीविषयी जी मार्गदर्शिका काढली तीत व्यायाम व रोग्याचे शिक्षण यांची शिफारस आहे, आणि ताण देण्याचा उपचार देऊ नये असे सांगितले आहे. आतेभावाच्या डॉक्टरांनी जे फुकट सांगितले होते ते हेच. यावरून टेबल जाळून टाकावे असे आम्ही म्हणत नाही. ज्याचे डोळे, हृदय आणि रक्तदाब धड आहेत आणि ज्याला तासभराचे सुख चौदा हजारांत महाग वाटत नाही, त्याने खुशाल लटकावे. परंतु "कायमची जाईल" हे शब्द उच्चारण्याचा अधिकार असल्या पुराव्याने कोणास मिळत नाही.

येथे एक आक्षेप आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या मनात आला असेल. शीर्षासन आपल्याकडे शतकानुशतके चालत आले आहे. मग उलटे होण्याचे एवढे भय कशासाठी? आक्षेप आदरणीय आहे, पण तो टेबलाच्या बाजूने नसून विरुद्ध जातो. प्रथम वस्तुस्थिती पाहावी. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चेन्नईच्या नेत्रवैद्यांच्या पाहणीत ७५ योगाभ्यासी व्यक्तींच्या डोळ्यांतील दाब शीर्षासनात मोजला गेला. तो सुमारे दुप्पट झाल्याचे आढळले. म्हणजे शरीराचा नियम आसनालाही चुकत नाही. भेद आहे तो शिकविणाऱ्यात. आपल्या परंपरेत अधिकारभेद नावाची गोष्ट आहे. गुरू आधी शिष्य पाहतो, मग साधना सांगतो. कोणाला शीर्षासन, कोणाला नुसते शवासन. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम काढले ते आसनांची नुसती स्तुती करण्यासाठी नव्हे. आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो हे उपकरणे लावून तपासण्यासाठी. पुण्यास बी. के. एस. अय्यंगारांच्या वर्गात भिंतीवरील दोरांना विद्यार्थी उलटे लटकत, पण कोणी लटकावे आणि किती वेळ, हे दोर ठरवीत नव्हते. टेबलाजवळ गुरूची दृष्टी नाही. त्या दृष्टीच्या जागी त्याने एक छापील पान ठेवले आहे. मग ते पान शिष्याला वाचता येणे हा शिष्टाचाराचा प्रश्न राहत नाही. साऱ्या व्यवहारातील सुरक्षितता तेवढ्या एका पानावर उभी असते.

आता कायदा. १९५४ साली आपल्या संसदेने औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयी कायदा केला. त्यातील औषध या शब्दाची व्याख्या अतिशय व्यापक आहे. शरीराची रचना वा इंद्रियांचे कार्य यांवर परिणाम करण्यासाठी असलेली, अन्नाखेरीज कोणतीही वस्तू तीत येते. लोखंडी टेबलही, आमच्या मते, येते. त्या कायद्याच्या परिशिष्टात काही व्याधी व अवस्था सांगितल्या आहेत, ज्यांवरील उपायांची जाहिरात करणेच निषिद्ध. कमरदुखी त्यात नाही, हे व्यापाऱ्याचे सुदैव. पण माणसाची उंची त्यात आहे! मुलांची उंची वाढेल असे गोड आवाजात सांगणाऱ्यांनी तेवढे पान एकदा उघडून पाहावे. शिवाय चौथे कलम खोट्या व दिशाभूल करणाऱ्या दाव्यांसाठी आहेच, आणि पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास सांगितलेला आहे.

ग्राहक संरक्षणाचा २०१९ सालचा कायदा, जो जुलै २०२० पासून अमलात आला, त्याहून पुढे जातो. महत्त्वाची माहिती हेतुतः लपविणारी जाहिरात ही दिशाभूल करणारी जाहिरात होय, असे तो म्हणतो, आणि केंद्रीय प्राधिकरणास दहा लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार देतो. पुन्हा तेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत. वस्तू विकत घेणाराच तेवढा ग्राहक नव्हे. त्याच्या संमतीने ती वापरणाराही ग्राहक. तेव्हा आत्या ग्राहक आहे. आणि चौऱ्याऐंशीव्या कलमाप्रमाणे, हानी टळावी म्हणून योग्य वापराच्या पर्याप्त सूचना किंवा गैरवापराविषयीचा इशारा ज्या वस्तूसोबत नाही, तिच्या उत्पादकावर हानीची जबाबदारी येते.

पर्याप्त! सारा वाद या एका शब्दापाशी येऊन थांबतो. पेटीवरील किंमत, वजन, उत्पादकाचे नाव इत्यादी मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत असावा, अन्य भाषा जादा घालण्यास प्रत्यवाय नाही, असे वेष्टनांविषयीचे २०११ सालचे नियम सांगतात. विक्रेते या नियमाकडे बोट दाखवून सुटू पाहतील. परंतु तो नियम किमतीसाठी व वजनासाठी आहे. जिवाच्या इशाऱ्याची पर्याप्तता त्याने मोजता येत नाही. आमचे म्हणणे असे आहे की, विक्रेत्याने ग्राहकाची भाषा कोणती हे स्वतःच्याच वर्तनाने कबूल केले आहे. ज्या अर्थी त्याने फोंड्याच्या माणसाला मराठीत साद घातली, त्या अर्थी हा मनुष्य मराठीत समजतो हे त्यास ठाऊक होते. आपल्याच जाहिरातीने दिलेला हा कबुलीजबाब त्याला मागे घेता येणार नाही. कोणत्याही न्यायासनासमोर हा मुद्दा मांडण्यास आम्ही सिद्ध आहोत.

घरात इंग्रजी जाणणारा नातू होता, त्याने का वाचले नाही, असे कोणी विचारील. त्याने वाचले, कोणता स्क्रू कोणत्या भोकात जातो, ती पाने. मुलाला दोष देण्याची घाई आम्ही करणार नाही. ज्या जाहिरातीने घरातील लहानथोर सर्वांना उपयोगी असे सांगितले होते, तिच्यावर विश्वास ठेवून त्याने आजीला लहानथोरांत धरले. आत्याच्या संमतीचेही तसेच. ती हो म्हणाली खरे. पण काय टाळावयाचे हे ज्याला सांगितलेच नाही त्याच्या होकाराला कायद्यात फारशी किंमत नाही, आणि नातवाच्या उत्साहापुढे आजीने दिलेल्या होकाराला तर घराबाहेर कोठेच नाही.

भाषांतराचा खर्च परवडत नाही, ही सबब तर ऐकूनही घेऊ नये. जाहिरातीचे भाषांतर परवडले होते. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापरास मोकळीक राहिली. त्या दोहोंतील तंटा या मासिकाचे वाचक पुरेपूर जाणतात, आणि तो येथे उकरून काढण्याची आमची इच्छा नाही. मराठीत छापा, कोंकणीत छापा, दोन्हींत छापा. आत्याला दोन्ही कळतात. बेळगाव, बडोदे, इंदूर येथेही घराघरांत अशा आत्या आहेत, आणि तेथील फोनवरही मराठीत साद घातली जात असेल, तर उत्तरदायित्वही मराठीतच आले पाहिजे. मजकूर लांबलचक नको. काचबिंदू, नेत्रपटलाचा विकार, रक्तदाब, हृदयविकार, येऊन गेलेला पक्षाघात, ठिसूळ हाडे, गरोदरपण असल्यास वापरू नये. वापरताना सोडविणारा माणूस जवळ असावा. एवढाच मजकूर, ठळक अक्षरांत, पुस्तिकेच्या पोटात नव्हे तर फळीवरच, जेथे पाठ टेकते तेथे.

आमच्या आतेभावाने आमच्यामार्फत विक्रेत्यास नोटीस पाठविली आहे. तीत तीन गोष्टी मागितल्या आहेत: जाहिरातीतील "कायमची" हा शब्द व उंचीचा उल्लेख काढावा, वर सांगितलेला इशारा मराठीत व कोंकणीत फळीवर छापावा, आणि आत्याच्या नेत्रतपासणीचा खर्च द्यावा. टेबलाचे पैसे परत मागितलेले नाहीत, कारण आतेभाऊ ते अजून वापरतो. पंधरा दिवसांची मुदत गेल्या सोमवारी संपली, उत्तर नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार ग्राहक जेथे राहतो तेथेही करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस त्यासाठी शुल्क लागत नाही. तक्रारीचा मसुदा तयार आहे. त्याची एक मराठी प्रत आत्याकडे पाठविली असून, पुढील नेत्रतपासणीचा कागद हाती आला की ती तो वाचून सही करणार आहे.